रत्नाताई खाली उतरली, मी वर गेले

फोन आला तेव्हा मी ऑकलंडमध्ये, बॉटनीच्या शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत सामान भरत होते. फोन प्रज्ञाचा होता. प्रज्ञा म्हणजे रत्नाताईची एकुलती एक मुलगी. लोअर हटला राहते, रोज ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जाते. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमची ती नऊ वर्षांची होती तेव्हापासूनची पद्धत. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलली. "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" अगदी खरंच विचारलं. तिकडून काही आवाज आला नाही, तेव्हा मला कळलं... सकाळी फिरून आली, बूट काढायला दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि उठलीच नाही. एक बूट काढलेला, एक पायात. वय बासष्ट. मी ट्रॉली तशीच तिथे सोडून दिली आणि गाडीत जाऊन बसले. घरी पोचल्यावर लक्षात आलं की दुधाचे कॅन आणि पिठाची पिशवी ट्रॉलीतच राहिली.

याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत तिच्याबद्दल लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा 'कर्तबगार', 'हसतमुख' असले शब्द आले म्हणून कागद बाजूला ठेवला. रत्नाताई हसतमुख नव्हती. तिला हसू यायला वेळ लागायचा, आणि आलं की मग आवरायचं नाही. कर्तबगार होती, पण ते तिच्या तोंडावर कुणी म्हटलं असतं तर तिने त्या माणसाकडे, बांधकामात काहीतरी चूक दिसल्यावर बघायची तसं बघितलं असतं.

आमची ओळख ख्राइस्टचर्चमधली, रिकार्टनच्या इंडियन दुकानातली. मोठ्या भूकंपानंतर ते शहर पुन्हा उभं करायला जगभरातून इंजिनियर येत होते, त्यांच्यात ही नागपूरची स्ट्रक्चरल इंजिनियर नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. नवरा चार वर्षांपूर्वीच गेलेला. मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पुण्याहून नवऱ्याच्या मागे आलेली, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी. दुकानात ती जाड पोहे शोधत होती आणि मुलीला म्हणत होती, "अगं, तिथे काय पाहून राहिली, इकडे पाय." परक्या गावात मराठी कानावर पडल्यावर माणूस जसा धावतो तशी मी धावले. "तुम्ही मराठी?" "हो. नागपूर." "मी माधवी. आणि आपलं आडनाव?" "गजभिये," ती म्हणाली. मी म्हणाले, "अच्छा."

तो 'अच्छा' जरा लांबला. जिथून मी आले तिथे माणूस भेटल्यावर दुसरा प्रश्न आडनावाचा असतो आणि उत्तर मिळालं की मनातल्या मनात एक कप्पा उघडून त्यात त्याला ठेवतात. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी नाकारलं असतं. रत्नाताईने पोह्यांचं पाकीट घेतलं, मान हलवली आणि गेली.

दोन महिन्यांनी आमच्या भाड्याच्या घराच्या बेडरूमच्या भिंतीत एक भेग दिसायला लागली. छोटे छोटे धक्के तेव्हा अधूनमधून यायचेच, आणि त्या भेगेपायी माझी झोप उडाली. श्रीकांत, माझा नवरा, म्हणाला, "त्या तुझ्या नागपूरच्या बाईंना विचार ना." मी कसाबसा नंबर मिळवून फोन केला. ती शनिवारी सकाळी आली, हातात टॉर्च आणि एक छोटी हातोडी. तासभर तिने ती भिंत आतून-बाहेरून बघितली, ठोकली, पोटमाळ्यावर चढली, घराखालच्या पोकळीत सरपटत गेली. कपड्यांना लागलेली कोळिष्टकं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "रंग फाटलाय, भिंत ठीक आहे. निवांत झोप." मी तिला पोहे करून दिले. तिने ते पुण्याच्या पद्धतीचे, साखर घातलेले पोहे निमूट खाल्ले आणि मग म्हणाली, "भिंतीपेक्षा याची जास्त काळजी वाटली मला." तेव्हा ती पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून मी तिला रत्नाताई म्हणायला लागले आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही.

पेरूच्या डोंगरातल्या इंका लोकांच्या वाटेचं खूळ तिच्या डोक्यात कॉलेजपासूनचं. नागपूरला तिच्या एका सरांनी वर्गात एक स्लाइड दाखवली होती: डोंगराच्या माथ्यावरचं दगडी गाव, चुना नाही, माती नाही, नुसता दगडाला दगड चिकटलेला. सर म्हणाले होते, तिथेही भूकंप होतात, पण भिंती उभ्या आहेत. "बाकीची मुलं पुढची स्लाइड बघत होती," ती सांगायची, "मी त्याच स्लाइडवर राहिले." पुढे लग्न, नोकरी, मूल, नवऱ्याचं आजारपण, परदेश... ती स्लाइड काही डोक्यातून गेली नाही. साठ पूर्ण झाली तेव्हा तिने कामाचे दिवस कमी केले आणि मला फोन केला. "चार दिवस चालायचं आहे. गाइड असतो, तंबू असतात, सामान उचलायला माणसं असतात. एकटी जाणार नाही. तू चल." मी म्हटलं, मला डोंगर आवडत नाहीत. ती म्हणाली, "तुला डोंगर आवडायला नेऊन नाही राहिली. सोबतीला नेऊन राहिली."

मग सहा महिने दर रविवारी आम्ही गावाजवळच्या पोर्ट हिल्स टेकड्या चढलो. ती पुढे, मी मागे. तिचा दम माझ्याहून चांगला होता, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. वाटेत कुणी डोंगर भटकणारा कीवी भेटला की ती मोठ्याने "किया ओरा!" असा इथला नमस्कार घालायची आणि मग मला हळूच विचारायची, "हा रबरी जँडल्स घालून डोंगर चढून राहिला, अन् तू एवढ्या महागाच्या बुटात काहून रडून राहिली?"

कुस्कोला पोचलो तेव्हाच हवा पातळ लागत होती. तीन दिवस शरीराला सवय करायची म्हणून आम्ही गावात हळूहळू फिरलो, कोकाच्या पानांचा कडवट चहा प्यायलो. तिथल्या गल्ल्यांत खाली इंकांच्या भिंती आणि वर नंतरच्या काळातली घरं. रत्नाताई त्या भिंतींना तळहात लावून चालायची. शाळेतल्या मुलीसारखी मला थांबवून थांबवून दाखवायची की बघ, भिंत आत झुकलेली आहे. बघ, दार खाली रुंद आणि वर अरुंद आहे. बघ, या दोन दगडांच्या मधे नख जात नाही. "जमीन हलली की हे दगडही हलतात," ती म्हणायची, "अन् हलणं थांबलं की परत आपापल्या जागी बसतात. आपण इतकं सिमेंट ओतून काय करतो गं?" मला त्यातलं निम्मं कळायचं. मी तिचा चेहरा बघायचे. इतक्या वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता.

आमची गाइड एल्व्हा नावाची तिथल्याच डोंगरातली बाई होती, पस्तिशीची, ठेंगणी, इंग्रजी स्वच्छ. पहिला दिवस सोपा होता. नदीच्या काठाकाठाने, निवडुंगांमधून वाट. सामान वाहणारी माणसं पाठीवर तंबू, भांडी, गॅसच्या टाक्या घेऊन आमच्या बाजूने अक्षरशः धावत पुढे जायची आणि आम्ही पोचेपर्यंत गरम पाणी तयार ठेवायची. वाटेतल्या पहिल्या अवशेषांपाशी एल्व्हा राजांबद्दल सांगत होती. कोणता राजा, कोणता विजय. रत्नाताईने हात वर केला. "हे दगड वर कुणी आणले?" एल्व्हा म्हणाली, "लोकांनी. प्रत्येक गावाला आपली पाळी असायची." "त्यांची नावं?" एल्व्हा म्हणाली, "माझ्या आजीच्या आजोबांचे आजोबा असतील त्यात... नावं नाहीत."

त्या संध्याकाळी जेवणाच्या तंबूत, सूपचा वाडगा हातात धरून, रत्नाताईने मला तिच्या आईबद्दल सांगितलं. दहा वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा. तिची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. उमरेड रोडला, उन्हात, डोक्यावर ओला फडका टाकून. लहानगी रत्ना बाजूला बाभळीच्या सावलीत बसून अभ्यास करायची आणि हातोड्याच्या ठोक्यांवर पाढे म्हणायची. "आईच्या हाताला इतके घट्टे होते की ती तवा नुसत्या हाताने उचलायची," ती म्हणाली. मग अगदी सहज, "अन् तू मला त्या दुकानात 'अच्छा' म्हणाली होतीस." "तुझ्या लक्षात आहे?" मी म्हटलं. "लक्षात न राहायला काय झालं. तू एकटीच नाही म्हटलेलं तसं. पण तू नंतर घराखालच्या कोळिष्टकांतून बाहेर आलेल्या बाईला आपल्या ताटलीत पोहे दिलेस, अन् समोर बसून स्वतः खाल्लेस. मी तेही पाहिलं." मी माफी मागितली. ती म्हणाली, "सूप पी, गार होऊन राहिलं."

दुसरा दिवस खिंडीचा. चार हजार दोनशे मीटरवर ती खिंड आहे आणि तिथल्या भाषेत तिचं नाव 'मेलेली बाई' असं काहीतरी आहे. डोंगराची कड आडव्या पडलेल्या बाईसारखी दिसते म्हणून. सकाळी नाव ऐकल्यावर रत्नाताई म्हणाली, "घ्या! इथंही बाईच मेली पाहिजे, बाप्पा." दहा वाजेपर्यंत तिची थट्टा थांबली. अकराला ती प्रत्येक दहा पावलांवर उभी राहायला लागली. शेवटच्या झाडांच्या वर, गवताच्या उतारावर, ती एका दगडावर बसली आणि उलटी झाली. मला वाटलं खाण्यातलं काही असेल. एल्व्हाने तिच्या बोटाला ते छोटं यंत्र लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावला. तिला साधे प्रश्न विचारले. रत्नाताईला आजचा वार सांगता येईना. ज्या बाईला वीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगच्या खांबांची मापं तोंडपाठ होती, तिला वार सांगता येईना... एल्व्हा म्हणाली, "हिला आत्ता खाली नेलं पाहिजे. उंची कमी होणं हेच औषध. माझा जोडीदार गाइड घेऊन जाईल, काल वाटेत लागलं त्या गावापर्यंत. तुम्ही ठरवा, तुम्ही कुठे. दहा मिनिटं देते, ढग यायच्या आत बाकीच्यांना खिंड ओलांडायची आहे."

मी सॅक खांद्याला लावून तिच्या शेजारी उभी राहिले. यात ठरवायचं काय होतं? रत्नाताईने मान वर केली. ओठ निळसर, पण डोळे जागेवर आले होते. "तू वर जा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? मी तुझ्यासोबत येते."

"दोघी खाली जाऊन काय करायचं? तो माणूस आहे सोबत. तू जा."

"मला नाही बघायचे ते दगड, ताई. मी तुझ्यासाठी आले होते."

"मग माझ्यासाठीच जा." तिला बोलायला दम लागत होता. "फोटो नको काढू. फोटो पाहिलेत मी. हात लाव. कोपऱ्यात दगड एकमेकांत कसे अडकवलेत ते बोटांनी बघ. अन् पाणी कुठून जातं ते शोध. एवढं करशील?"

मी गेले. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली आहेत. ती त्या गाइडच्या खांद्याचा आधार घेऊन, पाय वाकडे टाकत खाली उतरत होती आणि मी वर चढत होते. मागे वळून बघितलं तेव्हा तिची लाल टोपी दिसली, मग गवताच्या वळणाआड गेली. खिंडीत पोचल्यावर सगळे मिठ्या मारत होते, फोटो काढत होते. मी एका बाजूला बसून रडले. आनंदाने रडतेय असं समजून एका ऑस्ट्रेलियन बाईने मला चॉकलेट दिलं.

संध्याकाळी एल्व्हाच्या वायरलेसवर निरोप आला की बाई खाली पोचल्या, डोकं ताळ्यावर आलं, बटाट्याचं सूप प्यायल्या. मग मला थोडं जेवण गेलं. आणि तिसऱ्या दिवशी मी काम सुरू केलं. दुसरा शब्द नाही त्याला. जिथे जिथे अवशेष आले तिथे बाकीचे दरी बघत होते आणि मी भिंतीला तोंड करून उभी होते. ढगांच्या वर असलेलं एक गाव आहे त्या वाटेवर. तिथे दगडी टाक्यांची उतरती रांग आहे, आणि एका टाकीतून दुसऱ्या टाकीत अजूनही पाणी पडतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेल्या पन्हाळीतून. मी त्याखाली हात धरला. पाणी बर्फासारखं गार. मी कोपऱ्यांतून बोटं फिरवली, वहीत वेडीवाकडी चित्रं काढली, एल्व्हाला इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, "तुम्हीही इंजिनियर का?" मी म्हटलं, "नाही. मी निरोप घेऊन जातेय."

चौथ्या दिवशी पहाटे सूर्यदरवाजापाशी पोचलो तर सगळीकडे धुकं. माचू पिचू तिथून खाली दिसायला हवं. पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसेना. अर्ध्या तासाने धुक्यात एक भोक पडलं, त्यातून हिरव्या पायऱ्यांचा एक तुकडा दिसला आणि पुन्हा बुजला. मी थांबले नाही. उतरायला लागले. वायरलेसवर ठरल्याप्रमाणे ती आदल्या दिवशी ट्रेनने पायथ्याच्या गावात येऊन सकाळच्या पहिल्या बसने वर येणार होती.

ती पायऱ्यांच्या शेतांपाशी एका कठड्यावर बसली होती. लाल टोपी, पायात कुणाचे तरी जाड लोकरी मोजे. चेहऱ्यावर रंग आलेला. मी धावले आणि मग तिचे हात बघून थांबले. बोटं खरचटलेली, डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं.

"हे काय झालं? पडलीस का?"

"भिंत बांधून राहिली होती," ती म्हणाली. आणि हसायला लागली, ते आवरायचं नाही तसलं हसू.

मग तिने सांगितलं ते असं. खाली उतरल्यावर संध्याकाळपर्यंत ती झोपली. तोमासा नावाच्या एका बाईच्या घरी तिची सोय केली होती; तोमासाचा नवरा सामान वाहणाऱ्यांपैकीच एक, म्हणजे तो वर आमच्याबरोबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाताईला जाग आली ती दगडावर दगड ठेवल्याच्या आवाजाने. पावसाळ्यात तोमासाच्या बटाट्याच्या शेताची बांधाची भिंत खचली होती आणि ती बाई एकटीच ती परत रचत होती. चुना नाही, माती नाही. रत्नाताई अंगावर घोंगडं घेऊन तासभर बघत बसली. मग उठली, एक दगड उचलून तिच्या हातात दिला. तोमासाने तो घेतला, बघितला आणि बाजूला टाकला. दुसरा दिला, तोही टाकला. तिसरा मात्र तिने हातात फिरवला, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, आणि भिंतीत ठेवला. तो बसला. "तीस वर्षं मी भिंतींची कॅल्क्युलेशन्स केली, माधवी," ती म्हणाली, "अन् दगड हातात पहिल्यांदा घेतला." तोमासाला स्पॅनिश थोडं यायचं, रत्नाताईला तेही नाही. दुपारपर्यंत दोघींनी मिळून अडीच-तीन मीटर भिंत रचली. चुकलं की तोमासा तिच्या हातावर चापट मारायची. ट्रेनसाठी निघायच्या आधी तिने रत्नाताईचे हात धुऊन त्यांना कसलीतरी चरबी चोळली.

"आईच्या हातात दगड फुटायचा," रत्नाताई म्हणाली. "या बाईच्या हातात बसत होता... मी ते बघत होते, अन् मला आई इतकी आठवली." आमच्या समोर ते सगळं जगप्रसिद्ध गाव धुक्यातून हळूहळू बाहेर येत होतं. एक छप्पर नसलेलं घर, मग दुसरं, मग देवळाची मोठी भिंत. लोक 'ओह' 'आह' करत होते. ती शांतपणे बघत होती.

मी वही काढली आणि सगळं सांगितलं. कोपरे, पन्हाळ्या, पाण्याचा गारवा. तिने एकेक प्रश्न विचारत, डोळे मिटून ऐकलं. शेवटी मी म्हटलं, "ताई, मी तुला सोडून वर गेले."

"मीच पाठवलं ना."

"तुला राग नाही आला?"

"पहिल्या संध्याकाळी आला होता," ती म्हणाली. "पेरूचा आला, माझ्या फुप्फुसांचा आला... अन् तुझाही आला. खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं मी वाट पाहिली अन् डोंगर न आवडणारी बाई वर चालली. सकाळी भिंतीचं काम निघालं, त्यात विसरले." मला हे ऐकून जेवढं हलकं वाटलं तेवढं 'नाही गं, राग कसला' ऐकून वाटलं नसतं.

परत आल्यावर वर्षभरात श्रीकांतची नोकरी ऑकलंडला गेली आणि आम्ही बॉटनी डाउन्सला आलो. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. तिच्या बोलण्यात आता नवीनच शब्द असायचे. यार्डात कुठला दगड आला, ट्रेलर कुणाचा मागितला, गुडघ्यावर काय बांधलं. रिकार्टनच्या घराच्या मागच्या अंगणात ती दगडी भिंत रचत होती. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाली, "कशासाठी म्हणजे? भिंत आहे." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो ऑफिसातला सहकारी असो, शेजारची कीवी आजी असो की विहारातल्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला आलेलं जोडपं असो, आधी एक दगड लावायला लागायचा, मग चहा. माझे दोन दगड आहेत त्यात. दोन्ही तिने तीनदा काढायला लावले.

अंत्यसंस्काराला पन्नासेक माणसं होती. पांढऱ्या कपड्यांत, त्रिशरण-पंचशील म्हणताना प्रज्ञाचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. आईने लहानपणी पाठ करून घेतलं होतं. रत्नाताईच्या ऑफिसातला एक उंच, लालबुंद माणूस बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की या शहरातल्या कित्येक लोकांना माहीत नाही की ते रोज रत्नाच्या भरवशावर छताखाली झोपतात. ते ऐकून मला आमची बेडरूम आठवली.

आठवडाभर मी प्रज्ञाबरोबर राहिले. कपडे, कागद, मसाल्याचे डबे आवरले. घर विकायचं म्हणून एक एजंट बघायला आला. सभ्य माणूस. मागच्या अंगणात जाऊन कंबरभर उंचीच्या, सहा-सात मीटर लांब त्या भिंतीकडे बघत म्हणाला की गिऱ्हाइकांना मोकळं लॉन आवडतं, हे काढून टाकलं तर बरं दिसेल, एका दिवसाचं काम आहे. प्रज्ञा म्हणाली, "आय'ल थिंक अबाउट इट." तो गेल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती. मग मला म्हणाली, "मावशी, आय डोन्ट थिंक आय कॅन सेल इट. भाड्याने देऊ का?" मी म्हटलं, "दे की. आणि भाडेकरूंना सांग, पाहुणा आला की एक दगड." ती हसली, डोळे पुसत.

माझं विमान संध्याकाळचं होतं. निघायच्या आधी आम्ही दोघी मागे गेलो. एप्रिलचं तिरपं ऊन होतं आणि पानं पडायला लागली होती. भिंतीच्या एका टोकाला रत्नाताईने मुद्दाम उंची कमी ठेवली होती आणि वर दोन रुंद, सपाट दगड टाकले होते. आधी मला वाटलं होतं की तो भाग व्हायचा राहिला आहे. प्रज्ञा म्हणाली, "नो, दॅट्स फिनिश्ड. तिथे ती बसायची, आफ्टर वर्क." मी बसून बघितलं. माझे गुडघे जरा वर येत होते. ती माझ्याहून चार बोटं ठेंगणी होती, तिचे पाय बरोबर जमिनीला टेकत असणार. प्रज्ञा दुसऱ्या दगडावर बसली. शेजारच्या आजी कुंपणापलीकडे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. ऊन गेलं, अंगणात सावली आली, हवेत गारवा आला... आणि टॅक्सीचा हॉर्न वाजला तरी आम्ही जरा वेळ तशाच बसून राहिलो, कारण दगड खालून अजून गरम होते.